खायला काहीतरी हलकं

विमानाला उशीर आहे असं कळलं तेव्हा डोमाजींना आधी सुटल्यासारखं वाटलं. लगेच त्याची इतकी लाज वाटली, की काउंटरपासून परत येताना त्यांनी बायकोच्या, मालनबाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. हैदराबादहून येणारं विमान तिथूनच निघालेलं नव्हतं. ते जबलपूरला येणार, मग तेच यांना घेऊन परत जाणार. किती वेळ लागेल ते कोणी सांगत नव्हतं. "अपडेट आते ही बताएँगे अंकलजी," एवढंच.

मालनबाई खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाजूची खुर्ची रिकामी असूनही पिशवी खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. हैदराबादला मुलगा, जगदीश, दवाखान्यात आहे, असं त्यांना ठाऊक होतं. रात्री छातीत दुखलं, भरती केलं, डॉक्टर चांगले आहेत, काळजीचं कारण नाही, पण आईवडील जवळ असले तर बरं. हे सगळं त्यांना डोमाजींनीच सांगितलं होतं. खरं असं होतं, की जगदीश पहाटेच गेला होता. अंघोळीला उठलेला धडधाकट पोरगा बाथरूमच्या दाराशी कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

फोन आला तेव्हा डोमाजी जबलपूरच्या रांझी भागातल्या आपल्या घरी अंगणात मोटर लावून टाकी भरत होते. फोन समृद्धीचा, म्हणजे सुनेचा, असं नाव आलं, पण बोलला तिचा भाऊ गौतम. तोही हैदराबादलाच नोकरीला. त्यानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, "मामाजी, मामींना इथे आल्यावर सांगू. प्रवास व्हायचा आहे, त्यांची शुगर आहे." डोमाजी हो म्हणाले. मग ते तसेच उभे राहिले. टाकी भरून पाणी छपरावरून खाली यायला लागलं, चपला भिजल्या, तरी त्यांचा हात मोटरच्या बटनाकडे गेला नाही. शेवटी शेजारचे श्यामसुंदरजी भिंतीपलीकडून ओरडले, मग स्वतःच येऊन मोटर बंद केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, क्या हुआ. त्या एकाच माणसाला डोमाजींनी खरं सांगितलं. तिकिटंही त्यांच्याच मुलानं काढून दिली.

गौतमनं काही म्हटलं असलं, तरी डोमाजी घरात गेले ते सांगायचंच म्हणून गेले होते. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून मोठं असं काही लपवलं नव्हतं. मालनबाई ओट्याशी पोहे भिजवत होत्या. शुगरचं इंजेक्शन घेऊन झालं होतं, कांदा चिरून ठेवला होता. डोमाजींनी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "जगदीशले भरती केलं." वाक्य असं निघालं. पुढचं वाक्य त्याच्या मागून येईल म्हणून ते वाट बघत राहिले, पण तोवर मालनबाईंनी गॅस बंद करून विचारलं होतं, गाडी केव्हा आहे. पोहे चाळणीतच राहिले.

श्यामसुंदरजींनी आपल्या गाडीनं त्यांना डुमन्याच्या विमानतळावर सोडलं. सामान उतरवून झाल्यावर एकदम वाकून मालनबाईंच्या पाया पडले. मालनबाईंना नवल वाटलं. "हा काहून पाया पडून राहिला?" आत जाताना त्यांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर शोधलं, की पहिल्यांदा विमानात बसून राहिलो आपण, म्हणून असन.

आता तपासणी होऊन, आतल्या मोठ्या काचेच्या दालनात येऊन बसल्यावर, मालनबाईंचा हात थरथरायला लागला होता.

डोमाजींच्या ते आधी लक्षात आलं नाही. मालनबाई पदरानं कपाळ पुसत होत्या. एसीची हवा इतकी गार, की बाकीच्या बायका ओढण्या गुंडाळून बसलेल्या, आणि यांच्या ओठावर घाम. "मले कसंसं होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. तेव्हा डोमाजींना ते सकाळचं इंजेक्शन आठवलं आणि चाळणीतले पोहे आठवले. इंजेक्शन घेऊन पोटात काही नाही म्हणजे काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. पिशवीतली चॉकलेटची गोळी त्यांनी सोलून बायकोच्या तोंडात घातली. जरा बरं वाटलं, पण गोळीनं किती वेळ भागणार.

"काही तरी खाऊन घे," ते म्हणाले.

"काय भेटते पाहा. हलकं आणा. तेलकट नको. त्याच्या समोर जाऊन मी उलट्या करत बसली तं तो आपलं दुखणं सोडून माझंच पाहत बसन."

डोमाजी उठले. बसल्या जागेवरून दिसत होता तो खाण्याचा काउंटर एकच. वर उजेडाची पाटी होती, जबलपूर का स्वाद, आणि तिच्यात खाण्याचे फोटो एकामागून एक बदलत होते. पोहा-जलेबी. मूंग के मंगोड़े. मग सँडविच, बर्गर. मग आणखी काही, ते वाचेपर्यंत पुन्हा पोहा-जलेबी. डोमाजी पाटीखाली मान वर करून उभे राहिले. मागच्या माणसानं विचारलं, आप ले रहे हैं क्या, तर ते बाजूला झाले आणि तो माणूस घेऊन गेला. पुन्हा पुढे झाले, पुन्हा कोणी आलं, पुन्हा बाजूला झाले.

खायचं काय हे ठरवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. खमरियाच्या कारखान्यात नोकरी झाली ती डब्यावर. घरी ताटात जे यायचं ते जेवायचं. सदर बाजारात कधी सगळे मिळून खायला गेले, तरी मागवायचं काम जगदीशचं. हे आणि मालनबाई फक्त माना डोलवायचे. त्यांना आत्ता कोणी विचारलं असतं, की तुमच्या बायकोला काय आवडतं, तर ते सांगू शकले असते. पण मुलगा गेलेला आहे आणि आईला ते माहीत नाही, अशा बाईला काय खाऊ घालावं, हे त्या पाटीवर कुठे लिहिलेलं असणार?

शेवटी त्यांनी हातात आलं ते उचललं. प्लास्टिकच्या त्रिकोणी डबीतलं सँडविच. मालनबाईंनी डबी उघडली, बोटानं पाव दाबून पाहिला आणि झाकण लावून टाकलं.

"फ्रिजमधलं आहे हे. आणि मैदा. हे खाऊन शुगर कुठच्या कुठे जाईन. दुसरं काही नाही का गरम?"

एरवी डोमाजी म्हणाले असते, खा आता आणलं ते. आज ते गुमान परत गेले.

काउंटरशी पोचले आणि गौतमचा फोन आला. डोमाजींनी मालनबाईंकडे पाठ केली. गौतमचा आवाज पहाटेपासून धावपळ करून थकलेल्या माणसाचा होता. दवाखान्यातून ताब्यात मिळायला दुपार होईल, समृद्धीच्या घरचे नागपूरहून गाडी करून निघाले आहेत, तुमचं विमान किती वाजता? डोमाजींनी सांगितलं की अजून आलंच नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिले अजून सांगितलं नाही मी. जगदीश गेला हे तिले माहीतच नाही. तो भरती आहे असं समजून राहिली. उतरल्यावर तू जवळ राहा, मी एकट्यानं नाही सांगू शकत बाबू." आजूबाजूला सगळी हिंदी बोलणारी माणसं, म्हणून मराठीत बोलताना त्यांना वाटलं, आपण बंद खोलीत बोलतो आहोत.

फोन ठेवून वळले तर काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. डोक्याला टोपी, हातात मोजे, छातीवर मेघना नावाची पट्टी. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला होता.

"बेटा, शुगरवालों के लिए कुछ हल्का मिलेगा?" डोमाजींनी विचारलं.

"काका," ती म्हणाली, आणि जरा अडखळली. "कोदोची खिचडी आहे. गरम आहे. ती देऊ?"

डोमाजी तिच्याकडे बघत राहिले. "मराठी येते तुले?"

"समझ लेती हूँ. बोलना नहीं आता उतना. घर में आई-बाबा बोलते हैं." एवढं बोलून तिनं मान खाली घातली. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. सकाळपासून ज्याला खरं कळलं असं हे दुसरं माणूस, आणि तेही असं, काचेच्या काउंटरपलीकडचं. डोमाजींनी नुसता हात हलवला, नको, या अर्थी. कशाला नको ते त्यांनाही कळलं नसतं.

तेवढ्यात मालनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पिशवी काखेत, एका हातानं काउंटरची कड धरलेली. "तुम्हाले पाठवलं की तिकडचेच होऊन जाता," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि काचेच्या आत वाकून बघायला लागल्या.

मालनबाईंचा जन्म खाऊ घालण्यात गेला होता. त्या अंगणवाडीत होत्या, रिटायर होईपर्यंत. वस्तीतल्या किती पोरांच्या तोंडात त्यांनी घास घातला त्याची गणती नाही. दुसऱ्याचं रांधलेलं त्या सहसा खात नसत, आणि खायचंच असलं तर खाली-वर, आत-बाहेर सगळं विचारून खायच्या. त्यांनी मेघनाला विचारलं, खिचडी कधीची आहे. कोदो कुठला आहे. फोडणीत तेल किती. सोबतच्या कढीत साखर घालता का. ती मुलगी एकेक उत्तर देत होती, हिंदीत, खालच्या आवाजात, आणि मधूनच डोमाजींकडे बघत होती. कोदो, तो गरिबाघरचा बारीक भरड दाणा, डिंडोरीकडून येतो म्हणाली. साखर कढीत नाही.

"आमच्या काळात कोदो कोणी पाहुण्यांले वाढलं असतं तं नाक कापलं गेलं असतं," मालनबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आता पाहा, विमानतळावर." आणि त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. डोमाजींनी काउंटरवरचा टिश्यू पेपर उचलला आणि चष्मा पुसायला लागले.

ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. खिचडी दोन, कढी दोन, टमाट्याची चटणी वेगळी, पापड नको. यांच्यासाठी थोडे मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, कारण यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही. मग त्यांची नजर बाजूच्या ताटाकडे गेली. त्यात काळपट तपकिरी, जाडजूड, पाकानं चकाकणारी खव्याची जिलेबी होती.

"आणि ही पाव किलो बांधून दे बेटा. बेटे के लिए. उसको बहुत पसंद है."

मेघनाचा हात जिलेबीच्या चिमट्याकडे गेला आणि थांबला. तिनं डोमाजींकडे पाहिलं. डोमाजी म्हणाले, "नको घेऊ."

"काहून?"

"हार्टचं आहे ना त्याचं."

"सगळी थोडी खाईन तो? एक तुकडा तोंडात घालीन, बाकीची समू खाईन. दवाखान्यात फिकं खाऊन पोराचं तोंड मेलं असन."

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आंटी, ये कल की है. ताज़ी नहीं है. मत लीजिए." ती हे बोलत असताना ताटातून अजून वाफ येत होती. मालनबाईंना ती दिसली नसेल असं नाही. पण त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि आपल्याच दुकानचा माल शिळा आहे असं सांगणारी मुलगी त्यांना आवडली असावी. म्हणाल्या, बरं, राहू दे मग. खिचडीच एक जास्तीची बांध. हलकी असते, आजारी माणसाला चालते.

मेघनानं खिचडी बांधली. नाही म्हणायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं, आणि डोमाजींजवळही नव्हतं.

दोघं काउंटरजवळच्या टेबलाशी बसले. मालनबाईंनी पहिला घास घेतला, जिभेवर फिरवला. "चांगली आहे," म्हणाल्या. मग भराभर खाऊ लागल्या. भुकेनं हात कापत होता, चमचा ताटलीला लागून वाजत होता. चार-सहा घास गेल्यावर कापणं थांबलं, कपाळ कोरडं झालं, तोंडावर रंग आला. डोमाजी ते डोळ्यांनी बघत होते. त्यांना बरं वाटत होतं.

त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची आई येत होती. भंडारा जिल्ह्यातल्या गावात त्यांचा धाकटा भाऊ तापानं गेला, तेव्हा पोरगं मातीआड होऊन दुसरा दिवस उजाडला तरी आईनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. बाया पेला घेऊन तिच्या तोंडाशी धरत, ती मान फिरवी. चूल तर शेजाऱ्यांनीही पेटवली नव्हती. आणि इथे पोरगा दवाखान्यात कापडाखाली पडलेला असताना त्याची आई टमाट्याची चटणी खिचडीत कालवत होती, आणि ते तिला कालवू देत होते. तिला कळेल तेव्हा ती हेच आठवेल. पण न खाऊ घालावं, तर ती इथेच आडवी पडेल. यातून तिसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता. त्यांनी तो सकाळपासून शोधला होता.

"तुम्ही काहून खाऊन नाही राहिले?"

"खातो."

"खा. तिथे गेल्यावर धावपळ तुम्हालेच करायची आहे. मंगोडे गार होतीन."

डोमाजींनी मंगोडा तोंडात घातला. तो चावून चावून नुसता चोथा झाला. त्यांनी कढीच्या घोटाबरोबर तो ढकलला. मालनबाईंचं लक्ष होतं, म्हणून दुसरा घेतला. तोही ढकलला.

गौतमचा दुसरा फोन तेव्हाच आला. टेबलावर ठेवलेला फोन वाजला, मालनबाईंनी नाव वाचलं, आता उठून बाजूला जाणं शक्य नव्हतं. डोमाजींनी तो कानाला घट्ट दाबून धरला.

गौतम घाईत होता. इथली वडीलधारी माणसं म्हणत होती की संध्याकाळच्या आत करून घ्यावं. विमानाचं काही सांगता येत नाही, उद्यावर गेलं तर काय करायचं, बर्फाची सोय करावी लागेल. तुम्ही म्हणाल तसं करू, मामाजी. तुमची काय इच्छा आहे?

"थांबा," डोमाजी म्हणाले. "आमच्यासाठी थांबा."

"काय म्हणते तो?" मालनबाईंनी विचारलं. "कशाले थांबा म्हणता?"

डोमाजींनी फोनवर हात ठेवला. "ऑपरेशन," ते म्हणाले. दुसरा कोणताही शब्द त्यांच्याजवळ आला नाही. "ऑपरेशन आहे त्याचं. आपण जाईपर्यंत थांबा म्हटलं."

मालनबाईंनी चमचा खाली ठेवला. "तुम्हाले काही समजते का? आपल्यासाठी ऑपरेशन थांबवते का कोणी? आणा इकडे." आणि काही कळायच्या आत त्यांनी हात पुढे करून फोन त्यांच्या कानावरून काढून घेतला.

"गौतम? हां, मीच. हे पाहा बाबू, आमच्यासाठी बिलकूल थांबू नका. विमानाचा काही भरवसा नाही. जे करायचं ते करून घ्या. आम्ही आलो की पाहूच त्याले. डॉक्टर म्हणतीन तसं करा. समजलं ना?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली. "हॅलो. गौतम. ऐकून राहिला का?"

पलीकडून काय आलं ते डोमाजींना ऐकू आलं नाही. काही आलंच नसावं. मालनबाईंनी फोन कानापासून दूर धरून पाहिला, तो चालू होता. "बोलतच नाही काही," त्या म्हणाल्या. "रडून राहिला असं वाटते."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. डोमाजींनी नजर चुकवायला हवी होती, पण ती त्यांना या वेळी चुकवता आली नाही. त्यांनी फोन हळूच काढून घेतला आणि बंद केला.

"ऑपरेशन नाही, मालन," ते म्हणाले. "जगदीश गेला."

"कुठे गेला?"

"आपला जगदीश नाही राहिला. सकाळीच. पहाटेच गेला तो."

मालनबाई तशाच बसून होत्या. जणू त्यांना कोणी परक्या भाषेत काही सांगितलं होतं आणि त्या शब्द जुळवून पाहत होत्या. मग त्यांनी समोरच्या ताटलीकडे पाहिलं. खिचडीचे दोनच घास राहिले होते. त्यांनी हात उचलला आणि उघडा तळवा ताटलीवर आडवा धरला. पंगतीत नको, पुरे म्हणताना धरतात तसा.

"मी जेवली," त्या म्हणाल्या.

डोमाजींनी आपली मंगोड्यांची ताटली बाजूला सरकवली.

"पोटभर जेवली मी. तुम्ही समोर बसून पाहत होते."

"तुझा हात कापत होता," डोमाजी म्हणाले.

त्यानंतर मालनबाईंच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. आजूबाजूची माणसं वळली, त्यांनी पाहिलं, आणि मग फोनमध्ये बघायला लागली. मेघना काउंटर सोडून बाहेर आली. पाण्याची बाटली टेबलावर ठेवून ती मालनबाईंच्या खुर्चीशी उभी राहिली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी ठेवला. मालनबाईंनी तो झटकला नाही. डोमाजींना वाटलं, आपण उठून पलीकडे जाऊन बसावं, तिला धरावं. पण ते खुर्चीतच राहिले. त्यांना भीती वाटत होती की ती आपला हात झटकेल.

किती तरी वेळानं मालनबाईंनी तोंड पुसलं. "फोन लावा," त्या म्हणाल्या. "मी त्याले थांबू नका म्हणून बसली. लावा लवकर."

डोमाजींनी लावला. नुसती घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा फोन लागला तो समृद्धीनं उचलला. डोमाजींनी तो मालनबाईंना दिला. मग मालनबाई म्हणाल्या, "समू, मी मघा म्हटलं ते धरू नको बेटा. मले माहीत नव्हतं. मी येऊन राहिली." पलीकडून सून तो पहाटे बाथरूमच्या दाराशी कसा पडला ते सांगत राहिली. मालनबाईंनी मान हलवली. फोन परत देताना त्या म्हणाल्या, "आपण जाईपर्यंत कोणी हात लावणार नाही म्हणते."

पण पोचायचं केव्हा हे सुनेच्या हातात नव्हतं, आणि यांच्याही नाही. विमान अजून आलं नव्हतं. डोमाजी दर थोड्या वेळानं उठून विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला विचारून येत. त्यानं शेवटी यांच्याकडे न बघताच मान हलवायला सुरुवात केली. खरं कारण सांगावं असं डोमाजींच्या मनात येई, आणि सांगून तरी विमान काय लवकर येणार, असं वाटून ते परत फिरत. मेघनानं टेबल पुसून घेतलं. बांधलेली खिचडी उचलून तिनं काउंटरच्या आत नेली, आणि कोणी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा काचेपलीकडे विमान उतरताना दिसलं. लोक उभे राहिले, रांग लागली. मालनबाई उठल्या त्या नवऱ्याच्या आधाराशिवाय उठल्या. रांगेतही त्यांनी पिशवी आपल्याच हातात ठेवली.

विमानात डोमाजींना खुर्चीचा पट्टा लावता येईना. दोन टोकं कुठली ते कळत नव्हतं. त्यांनी आपलं एक टोक बाजूच्या माणसाच्या टोकात अडकवलं. हवाई सुंदरीनं येऊन तो सोडवला आणि दोघांचेही पट्टे लावून दिले. मालनबाई खिडकीशी होत्या. बाहेर डुमन्याचं रान पिवळं पडलेलं दिसत होतं. विमान हलायला लागलं तशी त्यांनी बाहेरची नजर काढून आत घेतली.

"पडला तेव्हा तोंडाले लागलं का त्याच्या?" त्यांनी विचारलं.

गौतमला हे विचारायचं डोमाजींच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "झोपल्यासारखा दिसते म्हणे."

"गौतम म्हणाला?"

"हो. गौतमच म्हणाला."

मालनबाईंनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. विमानाचा आवाज वाढला. डोमाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसले. उतरल्यावर ती चेहऱ्यावरचं कापड बाजूला करेल तेव्हा खरं काय ते दोघांनाही कळेल, तोवर आता त्यांच्या हातात काही नव्हतं.